आजीला घाई नको

शेजारच्या सेल्वमअण्णांमुळे माझी भंगारातली पिकअप पुन्हा रस्त्यावर आली. सातवीत शाळा सोडून सोनं गाळायच्या कामाला कोइमतूरला आलेला मी. मला इंजिनातलं काय कळणार? अण्णांनी ते उतरवलं, जोडलं, मला शिकवलं. आता रोज तिच्यातूनच दुकानात जातो.

आज भर सिग्नलला ती बंद पडली. परक्या मुलखात आपलं चुकलं की सगळे ओरडणार, ही माझी कायमची धास्ती. पण मागून एकही हॉर्न नाही! शेजारचा रिक्षावाला तमिळमध्ये म्हणाला, “सावकाश रे, आजीला घाई नको.”

म्हाताऱ्या गाडीला माणसं लगेच आपली म्हणतात, अन् तिच्यासोबत आपल्यालाही. हसतच चावी फिरवली. सुरू!

अण्णा, अंगणात तुमच्या वडिलांची स्कूटर गंजतेय ना? एक दिवस ती मीच चालती करून देईन.