नेकानेनं न विचारलेला चौथा

आमच्या मासळीबाजारात नेकानेच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. अठ्ठावीस वर्षं माझा ओटा तिच्या ओट्याला लागून होता, मला माहीत आहे. स्वतंत्र बास्क देशासाठी बंदुका उचलणारी पोरं राक्षस आहेत असं माद्रिदची वर्तमानपत्रं लिहीत, आणि आमच्या गावातल्या भिंती त्यांना वीर म्हणत. नेकाने दोघांनाही हसायची.

"कसले राक्षस न् कसले वीर! यांना प्यायलासुद्धा एकटं जाता येत नाही."

खोटं नव्हतं ते. आम्हा बास्क लोकांत शाळेतलं टोळकं म्हातारपणापर्यंत सुटत नाही. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून निघायचं, प्रत्येक गुत्त्यात एकेक घोट घ्यायचा, मागे कुणी राहायचं नाही.

एका वर्षी नेकानेच्या पोराच्या, इबोनच्या टोळक्यातल्या आसिएरचा भाऊ पोलीस कोठडीतून लंगडत परतला. महिन्याभरात नेकानेला कुणकुण लागली, की आसिएर, इबोन आणि टोळक्यातले आणखी दोघं रविवारी डोंगरापलीकडे फ्रान्सात चाललेत, बंदूक शिकायला.

शनिवारी दुपारी चौघं गावातल्या पुरुषांच्या जेवण-मंडळाच्या स्वयंपाकघरात मासा शिजवत होते. तिथे बाईनं पाय ठेवायचा नाही, हा आजोबांच्या काळापासूनचा नियम. नेकाने खवल्यांनी भरलेल्या ॲप्रनसकट आत घुसली.

"काकू, बायकांना इथे..." कोल्दो म्हणाला.

"गप रे! तू कशाला चाललायस ते सांग आधी."

"इबोन जातोय ना."

"आणि तू रे, मिकेल?"

"हे दोघं निघाले, म्हणून..."

ती पोराकडे वळली. इबोननं मान खाली घातली. "सगळे जातायत, आई. मी एकटाच मागे राहू?"

"म्हणजे याच्यासाठी तू न् तुझ्यासाठी तो! माणसं मारायला निघालात की सहलीला?"

मिकेल आधी हसला, मग रडायलाच लागला. आसिएर चुलीपाशी पाठमोरा उभा होता. ज्याचा भाऊ पोलिसांनी अधू केला त्याला काय विचारायचं, असं नेकानेला वाटलं. इबोनचं बखोट धरून ती बाहेर पडली.

रविवारी आसिएर एकटा गेला. दोन वर्षांनी त्यानं एका टपालवाल्याला खबऱ्या ठरवून त्याच्याच दारात गोळी घातली.

आसिएरला आई नव्हती, म्हणून तुरुंगात नेकाने भेटायला जायची. एकदा तिनं विचारलं, "भावासाठी केलंस ना रे?"

"भाऊ तर हातापाया पडत होता, जाऊ नको म्हणून. पण जायची गोष्ट पहिल्यांदा मीच काढली होती, काकू. मागे कसा फिरणार? त्या दुपारी मी वाट बघत होतो, आता मलाही विचाराल म्हणून."

हे मला सांगताना नेकाने ढसाढसा रडली.

"चौघं होते गं. मी तिघांनाच विचारलं."