खोबरेलात जिरलेलं बोलणं

नातीच्या केसांसाठी खोबरेल कोमट करायला ठेवलं, की त्या वासावर तरंगत मालवणातलं आमचं माजघर जवळ येतं. थोरला दादा तेव्हा हौशी रेडिओच्या नादी लागला होता. ट्रान्समीटर तपासताना आवाज हवेत जाऊ नये, म्हणून एरियलच्या जागी जोडायचा 'डमी लोड' त्याने घरीच केला. पत्र्याच्या डब्यात रेझिस्टरांची जुडी; माईकवर बोलत राहिलं की ती तापत जाते, म्हणून ती उष्णता शोषायला वर तेल. तेल ट्रान्सफॉर्मरचं हवं होतं, पण आमच्याकडे तेल म्हणजे खोबरेलच.

होडी घेऊन गेलेले बाबा परत आले नव्हते, त्याला वर्ष होत आलं होतं. आई त्यांचं नावही काढत नसे.

एका दुपारी दादा ट्रान्समीटर त्या डब्याला जोडून माईकवर बोलून पाहत होता, तेव्हा तिने विचारलं, "ह्यात बोललला खंय जाता रे?"

"खंयच जाणा नाय गो आये," दादा म्हणाला. "ह्या तेलातच जिरता."

तिने माईक हातात घेतला. "मगे तुमी जरा भायर बसा."

आम्ही माडाखाली बसलो. झावळ्यांमागे समुद्र संथ लकाकत होता. आतलं काहीच ऐकू येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने आई बाहेर आली आणि सरळ बावीवर पाण्याला गेली. मी आत जाऊन डब्याला हात लावला, तर चटका बसला. तेव्हा मी नुसतं बोट चोखलं. आता कळतं, तिचं बाबांशी किती बोलायचं राहिलं होतं.