वीस मिनिटांचा अलार्म

काकाजी गेले होते आणि मी घरातल्या सगळ्यांना हळू बोलायला सांगत होते.

आज वर्ष झालं. तेव्हा लिहिता आलं नाही.

काकाजी म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, हिंदी मुलखातल्या आमच्या मोहल्ल्यात, ब्राह्मणपाऱ्यात, आमच्यासोबतच राहायचे.

शाळेआधी मला अक्षरं त्यांनीच शिकवली. "हिंदी शाळेत तुले ळ कोनी शिकवनार नाही, पोट्टे."

ळ काढता काढता त्यांचा डोळा लागायचा. पेन्सिल घसरत पाटीच्या कडेपर्यंत जायची.
मी ती लांब रेघसुद्धा अक्षराचाच भाग समजून गिरवायची.

सगळे त्यांना आळशी म्हणायचे. काकाजी खूप हसले की गुडघे मोडून खाली बसायचे, तर पाऱ्यातले लोक बोलायचे, दिवसाढवळ्या पितो.
त्यांचं ऑफिस शहराबाहेरच्या नव्या राजधानीत गेलं, तिथंही तेच. "भैया, कल से तकिया भी ले आना."

घरी बाबा लोटाभर पाणी तोंडावर मारायचे. "ऊठ बे! काहून झोपून राहिला?"

काकाजी तोंड पुसायचे. एकदाच म्हणाले, "दादा, मी झोपत नाही गा. झोप मले पाडते."

कॉलेजात असताना मी मोबाईलवर अशा झोपेबद्दल वाचत बसले. मग मागे लागून त्यांना डॉक्टरकडे नेलं.

नार्कोलेप्सी.
मेंदूलाच जागेपण सांभाळता येत नाही. हसताना गुडघे मोडतात, तेही त्यातलंच. आळस नाही. दारू नाही.

काकाजी तेव्हा पन्नाशीला आले होते. रिपोर्ट हातात घेऊन रडले, आणि रडता रडता त्यांची मान गळून पडली.

डॉक्टरांनी सांगितलं, गोळी वेळेवर. दुपारी वीस मिनिटं झोपू द्या, मग उठवा.

मी बाबांशी भांडून लोटा बंद केला. माझ्या मोबाईलवर अलार्म लावला. दोन वर्षं माझ्याकडून सुट्टीची एकही दुपार चुकली नाही.

त्या रविवारी अलार्म वाजला.

काकाजी खुर्चीत होते. एरवी झोपेत हात दचकायचे, ओठ हलायचे. इतकं शांत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. वाटलं, गोळी लागू पडली.

अलार्म बंद केला. चादर घातली.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊजीले उठव वं, चहा ठेवून राहिली मी."
"झोपू दे ना आई. किती वर्षांनी असे झोपले."

तासाभरानं बाबा बाहेरून आले. खांद्याला हात लावला. मग धावत जाऊन लोटा आणला.

पाणी चेहऱ्यावरून ओघळत राहिलं.
"ऊठ बे," बाबा म्हणत होते. "ऊठ ना बे."

गल्लीतले डॉक्टर म्हणाले, हार्ट. "नींद में ही गए होंगे. उठाने से भी शायद कुछ नहीं होता."

शायद.
वर्षभर मी त्या एका शब्दापाशी बसून आहे.

तुमच्या घरी कोणी असं दिवसा झोपत असेल तर हसू नका. पाणी मारू नका. डॉक्टरकडे न्या. झोपू द्या.
आणि वेळ झाली की उठवा. शांत दिसले तरी उठवा.

अलार्म मी काढलेला नाही. रोज दुपारी वाजतो.

काकाजी, वीस मिनिटं झाली होती. मला माहीत होतं.

तुमच्या पोट्टीचा नमस्कार.