सॅम्पलरमधली उचकी

देवासच्या जुन्या वाद्यांच्या दुकानात तो मला एकदाच भेटला. हार्मोनियम दुरुस्तीला घेऊन आला होता आणि त्याला उचकी लागली होती. दर उचकीला छातीवर हात ठेवून तो आम्हाला "माफ करना" म्हणायचा, जणू त्याचा पाहुणाच आगाऊपणा करत होता.

मी सॅम्पलर घ्यायला गेलो होतो, म्हणजे कुठलाही आवाज पकडून बटणांवर वाजवणारं यंत्र. समोर दोन सेकंडहँड होते. महागड्यात मिनिटभर आवाज मावायचा, स्वस्तातल्यात जेमतेम दहा सेकंद. तासभर माझं काही ठरेना. शेवटी तोच म्हणाला, "भिया, पर इसमें भरोगे क्या?"

हा विचार मी केलाच नव्हता! स्वस्तातल्याचं रेकॉर्डचं बटण दाबून मी माईकसमोर तोंड उघडलं, पण काही सुचेना. तेवढ्यात त्याला उचकी आली.

वाजवून बघतो तर काय, वरच्या पट्टीत उंदीर, खालच्या पट्टीत म्हैस! मी त्या उचकीचा केरवाच वाजवला. दुकानदार हसून काउंटरवर आडवा झाला आणि हा गृहस्थ डोळे पुसत स्वतःच्याच उचकीवर नाचायला लागला. हसता हसता त्याची उचकी थांबली. "लो, अब ये आपकी," म्हणून तो निघून गेला. नाव विचारायचं राहिलंच.

मी स्वस्तातला घेतला. आमच्या कारखान्याच्या कॉलनीत दर गणपतीत अजूनही सगळे त्याच उचकीवर नाचतात. कुणी आठवण काढली की उचकी लागते म्हणतात. त्या दहा दिवसांत बिचाऱ्याचं काय होत असेल!