मामाची न वाकवता निघालेली बेटकुळी

माणसं उचलण्यात आमच्या मामाच्या तोडीचा माणूस मारेगावात पुन्हा व्हायचा नाही. बाकीचे लोक भेटल्यावर रामराम करतात, मामा उचलायचा. पाहुणा बैलबंडीतून उतरायच्या आत मामाच्या हातांवर असे. एकदा शेत पाहायला आलेल्या पटवाऱ्याचे बूट चिखलात भरू नयेत म्हणून मामानं त्याला न विचारताच उचललं आणि अलगद बांधावर नेऊन ठेवलं. रागवावं की आभार मानावेत, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत सुचलं नाही. मामाला मूलबाळ नव्हतं, तेव्हा सगळ्यात जास्त उचलली गेले ती मी. आमच्याकडे नवरीला मामानं उचलून मांडवात आणायची रीत. मी पाळण्यात होते तेव्हापासून तो गावाला बजावत आला होता, "हिले मांडवात मीच नेईन."

माझं लग्न ठरायच्या आदल्या हिवाळ्यात मुकुटबनच्या वाटेवर कापसाची बंडी नाल्यात फसली. मामानं चाकाला हात घातला, जोर लावला आणि 'कट्ट' असा आवाज झाला. बंडीचा आस मोडला म्हणून सगळे वाकून बघायला लागले, मामाही. आस धड होता. दुसऱ्या दिवशी मामाच्या कोपराची खळगी काळीनिळी पडली. हाडवैदानं हळद-तेल चोळून "हाड शाबूत हाये" असा निर्वाळा दिला, आणि तो अगदी खरा होता. सूज उतरली तेव्हा दंडात वरच्या बाजूला एक गोळा येऊन बसलेला. दुसरा कुणी घाबरला असता. मामा बाही गुंडाळून गावभर फिरला. "पाह्य वं पोरी, हात न वाकवता बेटकुळी! जोर वाढून राह्यला!" गावानंही मन लावून कौतुक केलं.

सोयरीक जमली तशी मामानं घरामागे ज्वारीचं पोतं उचलून तालीम सुरू केली, आणि पहिल्याच दिवशी ते सुटून पायावर पडलं. मग कुलपाची किल्ली फिरेना. वणीच्या डॉक्टरांनी हात चाचपला आणि म्हणाले, "स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी तुटली आहे, म्हणून तो वर गोळा होऊन बसला. हा जोर नव्हे. लगेच आला असतात तर नागपूरला शिवून दिली असती."

"मंग आता वढून बसवा ना खाली."

"आता ती आखडली."

"पोरीच्या लग्नापुरती तरी?"

डॉक्टरांनी हाताचे व्यायाम शिकवले. मामा अंगणात बसून आधी तांब्या, मग बादली, असं निमूटपणे उचलत राहिला. हात जेवणापुरता, बैल जुंपण्यापुरता परत आला. काय वाईट वाटायचं त्याच्याकडे बघून!

लग्नाच्या दिवशी नवं धोतर नेसून तो माझ्यापुढे वाकला. डावा हात घट्ट बसला; उजवा घसरला. पुन्हा वाकला, पुन्हा घसरला. वाजंत्री थांबली. आईचा चुलतभाऊ पुढे सरसावला, तेव्हा मी हळूच म्हटलं, "मामा, मी चालत येतो ना तुह्यासंगं."

त्यानं माझा हात धरला. मांडवात आल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला आणि म्हणाला, "काय सांगू बाप्पा, पोरगी लय भारी झाली!" मांडव खो खो हसला. माझा हात मात्र त्यानं सोडला नाही.

सासरी कितीतरी वर्षं मला 'वजनदार सून' म्हणून चिडवलं. मी तेव्हा नुसती काडी होते. मामा गेला त्यालाही आता पुष्कळ दिवस झाले. अजूनही कुणी तो विषय काढला की मी सांगते, हो, मी भारीच होते.