कथबर्ट अंकलची चिमूट

आमच्या बर्बीस भागात, उसाच्या मुलखात, नाताळ काळ्या केकवाचून होत नाही आणि शेजारच्या व्हर्लिन आंटीचा केक तिच्या नवऱ्याच्या चिमटीवाचून होत नाही. कथबर्ट अंकल उभा जन्म साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे पाकाच्या कढईवरचा कारागीर होता. उकळता पाक अंगठ्यात आणि बोटात चोळून दाणा धरला की नाही ते सांगायचा. त्याने मान हलवली की मगच पॅन रिकामा करायचे.

कारखाना बंद झाला तेव्हा त्याने तपकिरी साखरेचं शेवटचं पोतं घरी आणलं. आंटीने ती बिस्किटांच्या डब्यांत भरली आणि दगड होऊ नये म्हणून प्रत्येक डब्यात पावाचा तुकडा ठेवला. दुकानातल्या साखरेला अंकल घरात येऊ देईना. "रंगवलेली वाळू आहे ती," म्हणायचा.

दर नाताळात तो डोळे मिटून डब्यातली चिमूटभर साखर चोळायचा. "आपलीच. कारखाना सुरू झाला की पहिलं बोलावणं मलाच. ही बोटं आहेत ना!"

"तुला कोण बोलावतंय रे म्हाताऱ्या? तिथे शेळ्या चरतायत. जा, शेळ्यांचा पॅनमन हो!" आंटी टोमणा मारायची.

मग दोघं हसायची. मला तर हे भांडण केकपेक्षाही आवडायचं.

मधुमेहाने मधल्या काळात अंकलच्या एका पायाची बोटं नेली. "पाय गेले तर गेले, पॅनमनला हात लागतात," एवढंच तो म्हणाला.

यंदा मी केकसाठी रममध्ये मुरलेली फळं बारीक करायला गेले, तर आंटी शेवटचा डबा मांडीवर घेऊन बसलेली. पाव बुरसटलेला आणि साखरेत नुसत्या मुंग्या.

"त्याला सांगू नकोस," ती म्हणाली. "या डब्याच्या आधारावर बसलाय तो. संपली म्हटलं तर अंथरूण धरेल."

"मग?"

"पांढरीत मळी कालवू."

बाटलीच्या बुडाशी होती नव्हती ती मळी आम्ही माझ्या घरून आणलेल्या पांढऱ्या साखरेत चोळली. रंग बरा आला, पण दाणा कोरडाच. आंटीने ती पेल्यात दाबून भरली आणि ताटात उपडी केली. खरी साखर पेल्याच्या आकाराची उभी राहते. ही भसकन पसरली.

"आंटी, लहान पोरही ओळखेल हे!"

"तोंड बंद ठेव. आला तो."

काठी टेकत अंकल आला, खुर्चीत बसला, डोळे मिटले. आंटीने ताट पुढे केलं. आता हा ताट भिरकावणार, असं धरून मी दाराकडे सरकले.

त्याने चिमूट घेतली. चोळली. पुन्हा चोळली. कोरडे दाणे त्याच्या बोटांतून सरसर गळत होते.

"आपलीच," तो खुशीत म्हणाला. "लोण्यासारखी राहिलीय बघ."

मी सुटले म्हणून हसणार होते, तेवढ्यात आंटीकडे लक्ष गेलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: मधुमेहाने त्याच्या हाताच्या बोटांचीही जाणीव नेली होती. त्याने ताट भिंतीवर आपटलं असतं तर बरं झालं असतं.

"कारखाना सुरू झाला की पहिलं बोलावणं मलाच," अंकल डोळे मिटूनच म्हणाला. मग नेहमीच्या टोमण्याची वाट बघत थांबला. ओठांवर हसू तयार होतं.

आंटीने एप्रनला हात पुसले. "हो," ती म्हणाली. "तुलाच बोलावतील."

अंकलचं हसू तसंच राहिलं. त्याने डोळे उघडले, आधी बायकोकडे पाहिलं, मग ताटात पसरलेल्या साखरेकडे. अंगठा बोटावर एकदा फिरवून पाहिला. मग त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.