चहातला सेन्सर

ओतूरला ताईच्या पोल्ट्रीत पंखे चालवणारा डबा मी आणि माझ्या मित्राने मिळून बनवला होता. अवसरीला शिकत असताना आमची कोडवरून इतकी भांडणं झाली, की शेवटी भावाभावांसारखी वाटणीच करून टाकली. तापमान दाखवायचं काम माझं, पंखे चालू-बंद करायचं त्याचं. मूळ कोड एकमेकांना द्यायचा नाही, कंपाइल झालेली, म्हणजे फक्त यंत्राला कळणारी फाइल तेवढी द्यायची. दोन्ही जोडून मी डब्यात भरायचो.

सेन्सरच्या आकड्याचे अंश करणारं एक छोटं फंक्शन मात्र सामाईक होतं. ताईकडे वेगळ्या जातीचा नवा सेन्सर बसवला तेव्हा मी ते बदललं, माझी फाइल नव्याने कंपाइल केली, मित्राची जुनीच जोडली आणि निर्धास्त पेठला घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ताईचा फोन आला. "आरं, डबा अडतीस दाखवतोय आन् पंखं ढिम्म! कोंबड्या चोची वासून धापा टाकत्यात."

"वायर निसटली आसंल, बघ."

"बघितली. सगळं टाईट हाय. कायतरी कर बाबा, मरतील सगळ्या!"

फंक्शन एकच, पडद्यावर आकडा बरोबर, मग पंख्यांनाच काय झालं? आणि डोक्यात उजेड पडला. एवढंसं फंक्शन असलं की कंपायलर त्याला दरवेळी बोलवत बसत नाही. वेळ वाचावा म्हणून त्यातला सगळा हिशोबच हाकेच्या जागी उतरवून टाकतो. मित्राच्या फाइलमध्ये कधीच जुना हिशोब उतरला होता, आणि माझ्या बदलाचा तिला पत्ताच नव्हता. जोडताना कुणी ब्रही काढला नव्हता. जुन्या हिशोबाने नव्या सेन्सरचे अंश कमीच निघत होते, पंख्यांच्या लेखी शेड अजून गार होतं.

मित्राचा फोन रेंजबाहेर. त्याच्याशिवाय ती फाइल नव्याने होणार नव्हती, आणि पंखे थेट विजेला जोडण्यासाठी ताईला थ्री-फेजच्या तारांना हात लावायला सांगायची माझी छाती नव्हती.

"ताई, गरम चहा हाय का?"

"आत्ता चहा सुचतोय तुला?"

"सेन्सरचं टोक त्यात बुडव. बुडव गं!"

आधी तिच्या शिव्या ऐकू आल्या, मग पंख्यांचा आवाज. मी गाडी काढली. चहा निवला तर काय, एवढाच विचार रस्ताभर डोक्यात होता.

पोचलो तेव्हा ताई स्टुलावर बसून कपात वायर धरून होती. शेजारी गॅसवर पातेलं उकळत होतं. पडद्यावर भलताच आकडा, आणि पंखे जोरात. दाराशी काही कोंबड्या माना टाकून पडल्या होत्या, बाकीच्या पाणी पीत होत्या. मला रडूच आलं. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही.

"ह्यो नवा सेन्सर आजून कुनाकडं बसवलाय?"

"मंचरला एकाकडं." येताना मी त्यांच्या दारावरूनच आलो होतो.

ताईने मोकळ्या हाताने फोन पुढे केला. "लाव त्यांना. म्हनावं, आदी चहा ठेवा."